बसल्या बैलाचं मीठ

धनसिंगच्या घराण्यात चालणाऱ्याला मान होता. त्याचा आजा लखीराम शेवटच्या लदेणीसोबत चालला होता. लदेणी म्हणजे पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचा तांडा. दर्याकडून मीठ घेऊन वर चढायचा, वऱ्हाडातून धान्य घेऊन खाली उतरायचा. मग आगगाडी आली, मिठाची गोणी बैलाच्या पाठीवरून डब्यात गेली आणि ही माणसं महागावच्या शिवारात एका माळावर बसली ती बसलीच; वस्तीचं नाव मात्र तांडाच राहिलं. चालत्या माणसांची कुडाची घरं झाली, घरांना अंगण आलं, अंगणाला काटेरी कुंपण आलं. लखीराम बुढा मात्र मरेपर्यंत दाराकडे पाय करून निजला. लोक म्हणत, "बुढ्या, असं त मढं ठेवते." बुढा म्हणायचा, "ठेवू दे. उठलो का चालाले बरं."

धनसिंग त्याच्या कुशीत निजून वाढला. झोपेत त्याच्या कानात घंटा वाजायच्या. बैल त्यानं एवढे कधी पाहिलेच नव्हते, पण पापणी मिटली की ते यायचे. पांढरे, राखाडी, शिंगांना आरसे बांधलेले, धुक्यातून एकामागं एक. जागा झाला की अंगणात एक शेळी आणि बापाचं नांगराचं जोत. त्याला वाटायचं, आपण उशिरा जन्मलो. सगळे चालून गेले आणि आपण मागं राहिलो.

नांगरात त्याचा जीव रमला नाही. लॉरीवर क्लीनर झाला, ग्रीसनं काळा झाला, शिव्या खाल्ल्या, चाक हातात आलं. पुढं महागावचे सदाशिवराव, मोठे कास्तकार, यांच्या मोटारीवर ड्रायव्हर लागला. मोटार विलायती होती, कोण्या साहेबानं वापरून सोडलेली. काळी, लांब नाकाची, दोन्ही अंगाला पायऱ्या असलेली. उजव्या पायरीखाली पत्र्याच्या झाकणाचा एक खण होता, त्यात बॅटरी बसायची. पहिल्यांदा ती मोटार घेऊन आर्णीच्या रस्त्याला लागला तेव्हा दोन्ही बाजूंची तूर मागं वाहत होती, आणि धनसिंगला इतकं ओळखीचं वाटलं की त्यानं आरशात पाहिलं. मागून घंटा येतात की काय.

वऱ्हाडाची राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, त्याच्या दुसऱ्या साली कापूस लोटला. सदाशिवरावांच्या कोठ्या भरल्या, ओसरी भरली, शेवटी मोटारीची खोलीही भरली. पेट्रोलच्या गाडीशेजारी कापूस ठेवायचा म्हणजे घरात आग पाळणं. सदाशिवराव म्हणाले, "धनसिंग, कापूस उठेपर्यंत गाडी तुह्याकडेच ठेवजो. सकाळी आणजो."

अशी मोटार तांड्यावर मुक्कामाला आली. बायांनी तांब्यानं चाकांवर पाणी घातलं. धनसिंगची माय सुखीबाई. तिला तो तांड्याच्या गोरबोलीत याडी म्हणायचा. तिनं नव्या सुनेला पाहावं तसं मोटारीला चारी बाजूंनी पाहिलं आणि पुढच्या दिव्याच्या काचेवर बोटभर शेंदूर थापला.

"याडी, काचेले शेंदूर लावला त मले रस्ता कसा दिसन?"

"बैलाले लावला त बैल आंधळा होते का?"

धनसिंगनं शेंदूर पुसला. दुसऱ्या दिवशी नाकावर बिबा आणि मिरच्या लटकल्या, त्याही त्यानं तोडून फेकल्या. सदाशिवराव हसतील म्हणून. सुखीबाई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बरं, मंग हिचा जीव कोठी राह्यते ते त सांग."

आता हा सवाल ड्रायव्हराला कोण विचारतं? धनसिंग फुलला. त्यानं पायरीखालचं झाकण उघडलं. "हे पाह्य. ह्या पेटीत. हिच्यानंच गाडी उठते, हिच्यानंच दिवे लागते. ही बसली का गाडी मेली समज."

सुखीबाई वाकून बराच वेळ त्या काळ्या पेटीकडे पाहत राहिली. मग पदर सारखा करून भाकरी टाकायला गेली.

त्यानंतर पंधरवडाही गेला नसेल, मोटार सकाळी उठेना. पायाखालचं बटण दाबलं की आधी कण्हायची, मग नुसतं टक व्हायचं. हॉर्न दाबला तर आजारी बकरीसारखा. हँडल मारून खांदे निखळायची वेळ आली. शेवटी तांड्यातले पोट्टे लोटत नाल्याच्या उतारापर्यंत न्यायचे, तिथून गडगडत खाली जाता जाता ती खोकत जागी व्हायची. दिवसभर मग ठणठणीत. दहादा बंद करा, दहादा उठेल. दुसऱ्या सकाळी पुन्हा मढं.

भावसिंग म्हणून शेजारी होता, त्याला फुकटचा तमाशा झाला. रोज दातण चघळत कुंपणाशी उभा. "धनसिंगभिया, बैल जोडून देऊ का? माह्ये दोन खालीच हायेत. तुह्या मालकाले सांग, पेट्रोल नको म्हणा, ढेप धाडा."

"तुलेच जोडतो बे," धनसिंग म्हणायचा, पण हसू यायचं नाही.

गावात वेगळंच उठलं. तांड्यावर गाडी ठेवली, आता काय, रातभर दिवे लावून नाच होते, बाया मिरवते, धनसिंग पोरीबाळीले फिरवते. चाललेलं माणूस असो की चाललेली गोष्ट, थांबवायला कोणी नसतं. सदाशिवरावांच्या कानापर्यंत ती आली. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते. सुपारी गालात सरकवून हळू बोलायचे आणि त्याचीच भीती वाटायची.

"धनसिंग, ब्याटरी काय माणूस हाय, रातचं जागून थकाले?"

"नाई मालक."

"मंग रातचे दिवे कोण लावते?"

"कोणीच नाई लावत मालक. याडीची आन."

"आन मले कायले देतं? गाडीले दे." त्यांनी सुपारी दुसऱ्या गालात नेली. "सोमवारी यवतमाळले जाचं हाय. माह्या लेकीले, विमलताईले, दवाखान्यातून आणाचं हाय, ओली बाळंतीण, लेकरू सोबत. त्या दिसी गाडी माह्या दारात आपल्या पायानं आली पाह्यजे. लोटत आणली त किल्ली ओट्यावर ठेवजो अन् पायी जाजो."

पायी जाजो. धनसिंगच्या आज्याला कोणी असं म्हणालं असतं तर तो आशीर्वाद समजला असता. धनसिंगच्या छातीत मात्र ते शब्द रुतले. चाक गेलं की पुन्हा माळ, पुन्हा नांगर, कुंपणाच्या आतलं आयुष्य. आणि वरून नाव. तांड्याच्या माणसावर विश्वास टाकला आणि असं झालं, हे पुढची दहा वर्षं कोणीही म्हणेल.

आदल्या आठवड्यातच तो यवतमाळला नागोराव मिस्त्रीकडे जाऊन आला होता. नागोराव म्हणजे दम्याचा माणूस, दर दोन वाक्यांनी थांबून हवा ओढायचा, पण मोटारीची नाडी त्याला कळायची. त्यानं बॅटरी भरून दिली, पाणी पाहिलं, डायनामो पाहिला. बॅटरीच्या खुंटीवर हिरवट पांढरी बुरशी धरली होती ती ब्रशनं घासली. "बुरशी जरा जास्तच हाय," एवढं म्हणाला. मग एक बारका दिवा काढला, दोन वायरींचं शेपूट लावलेला.

"हे पाह्य धनसिंगभाऊ. ब्याटरीची गाडीच्या अंगाकडची वायर सोडाची, मधात हा दिवा जोडाचा. गाडी निजली असन त कोणी काई पीत नाई, दिवा लागत नाई. लागला त समज, कोणीतरी चोरून पिऊन राह्यलं. मंग एकएक वायर सोडत जाय. जे सोडली का दिवा विझते, थोच चोर."

त्यानं दुकानासमोर उन्हात दिवा जोडून दाखवला. दिवा लागला नाही. दोघे बसून पाहत राहिले. बिडी संपली तरी लागला नाही.

"मंग?" धनसिंगनं विचारलं.

"माह्या दुकानात तुही गाडी सती सावित्री हाय बाप्पा." नागोरावनं हवा ओढली. "रोग जिथी होते तिथीच पाह्य. अन् ज्या वेळी होते त्या वेळी पाह्य. दिवा घेऊन जाय."

रविवारी सांजच्या पारी धनसिंग मोटार घेऊन तांड्यावर आला. अगहनाचे, मार्गशीर्षाचे दिवस. चुलींचा धूर वर जायला तयार नसतो, घरांच्या कमरेएवढाच आडवा पसरतो, आणि त्यात ढोरांच्या खुरांची धूळ मिसळते. रोज तो गाडी उभी करून आंघोळीला जायचा, मग तांड्याच्या नाईकाच्या ओट्यावर. आज गेला नाही. पायरीखालचं झाकण उघडून त्यानं वायर सोडली, मधे नागोरावचा दिवा जोडला, दिवा बाहेर लोंबता ठेवला आणि झाकण लावून टाकलं. दिवा काळा. गाडी निजलेली, कोणी काही पीत नाही.

मग तो दुसऱ्या अंगाला जाऊन डाव्या चाकाला पाठ टेकून बसला. तिथून मोटारीच्या पोटाखालून पलीकडली जमीन दिसत होती. दिवा लागला तर मातीवर उजेड पडेल, एवढा हिशेब. टायर दिवसाच्या चालीनं अजून ऊबदार होतं. पाठीला ती ऊब लागली आणि बैलाच्या कुशीला टेकल्यासारखं वाटलं. इंजिन निवताना टिक, टिक करत होतं. दुरून कोणाच्या तरी जनावराची घंटा आली, मग दुसरी, मग इतक्या की मोजणं सुटलं.

लदेणी उतरली होती. धुक्यात गोण्यांच्या भिंती रचलेल्या, आणि भिंतींच्या आत बैल बसलेले. राखाडी डोंगर एकमेकांना लागून बसावे तसे. लखीराम बुढा काठी घेऊन मधून फिरत होता, पाय दाराकडे नव्हते आता, वाटेकडे होते. बैल रवंथ करत होते आणि रवंथाला मिठाचा वास होता. एक बाई आली. तरुण होती, कोपरापर्यंत चुडा, कांचळी-चोळीच्या आरशांत सांज अडकलेली. चालताना तिचे आरसे लुकलुकत होते. ती म्होरक्या बैलापाशी थांबली, वाकली, त्याच्या गळ्याशी काहीतरी बांधलं. ओल्या फडक्यातलं पाणी टपटपलं. धनसिंगला वाटलं, हिला मी ओळखतो. तिनं हात जोडले आणि बैलाच्या पायाशी एक काजवा लागला. लाल, बारीक. विझेचना.

धनसिंगनं डोळे उघडले. बैल गेले, धूर तसाच होता. आणि मोटारीच्या पोटापलीकडं मातीवर लाल उजेड पडला होता.

तो पलीकडे धावला. अंगणात कोणी नव्हतं. नागोरावचा दिवा लागला होता, मोठा नाही, चिलमीतल्या विस्तवाएवढा. चोर आला होता. त्यानं पाना काढला. पुढच्या दिव्यांची वायर सोडली. दिवा जळत राहिला. हॉर्नची सोडली. जळत राहिला. डायनामोची सोडली, गाडी उठवणाऱ्या सेल्फकडची जाड वायर तिकडच्या टोकातून काढून टाकली. सगळ्या वायरी मेल्या सापांसारख्या लोंबत होत्या. आता गाडीत वीज प्यायला कोणी उरलंच नव्हतं, आणि दिवा शांतपणे जळत होता.

क्षणभर त्याला वाटलं, गाडी सोडून गेलेला तो साहेब मेला असेल आणि भूत होऊन गाडीत बसला असेल. मग त्यानं नाकानं श्वास सोडला आणि स्वतःला शिवी दिली. सगळ्या वायरी संपल्या म्हणजे उरली एकटी पेटी. त्यानं झाकण उघडलं.

बॅटरीच्या खुंटीला काळ्या दोऱ्यानं एक पुरचुंडी बांधली होती. लिंबाएवढी, ओल्या फडक्याची. तिचं पोट बॅटरी आवळणाऱ्या लोखंडी पट्टीवर टेकलं होतं. त्यानं ती दोन बोटांनी उचलली. दिवा विझला. खाली सोडली. दिवा लागला. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. वायर नव्हती ती, पण ओलं फडकं वायरीचं काम करत होतं. खुंटीवरून पट्टीवर, पट्टीवरून गाडीच्या अंगात, वीज रातभर थेंबथेंब झिरपत होती. त्यानं बोट चाटलं. खारट.

घरात सुखीबाई भाकरी थापत होती. धनसिंगनं पुरचुंडी तिच्यासमोर ठेवली.

"याडी, हे काय होय?"

"दिसत नाई का? मीठ."

"पेटीले कायले बांधलं?"

"तूच म्हणाला न, जीव तिथी राह्यते."

"रोज बांधतं?"

"तू आंघोळीले गेला का बांधतो. पहाटे अंगण झाडाले उठलो का सोडतो. चालत्या बैलाच्या गळ्यात मीठ ठेवते का कोणी?"

धनसिंग खाली बसला. त्याला आता आठवलं. आजा सांगायचा. लदेणी परक्या गावच्या शिवारात उतरली की म्होरक्या बैलाच्या गळ्यात त्याच्याच गोणीतलं मूठभर मीठ ओल्या फडक्यात बांधायचं. फडकं ओलंच पाहिजे, कोरडं मीठ झोपतं म्हणे. बैल बसला आहे तोवर परक्याची नजर मिठावर मरावी. पहाटे गोणी लादायच्या आधी सोडायचं, कारण चालत्याला नजर लागत नाही. बसल्यालाच लागते.

"मले सांगतलं काहून नाई?"

"शेंदूर सांगून लावलता, तुनं पुसला. मिरच्या सांगून बांधल्या, तुनं फेकल्या." तिनं भाकर उलटली. "अन् आज त डोळ्यानं पाह्यलं म्या. तुनं तिथी बारका दिवा टांगून ठेवलता. म्या मीठ बांधलं अन् लागलीच दिवा लागला. हात जोडले बाप्पा. म्हटलं, इतक्या दिसानं पावली."

"याडी, थो दिवा चोर धराचा होता."

"मंग? धरला का चोर?"

"धरला."

"कोण होय?"

धनसिंगनं पुरचुंडीकडे बोट दाखवलं. सुखीबाईचा हात तव्यावर थांबला.

"म्या?" ती म्हणाली. "म्या चोर?"

"तू नाई. मीठ. ते वीज पेते, याडी. रातभर पेते. म्हणून सकाळी गाडी उठत नाई. मालक म्हणते मी रातचा नाच करतो. उद्या गाडी उठली नाई त मले पायी धाडते."

भाकर करपली. सुखीबाईनं ती उतरवली नाही. म्हणाली, "उद्या गाडीत लेकरू बसन. बारा दिसाचंही नाई. इथी रातभर बिनमिठाची ठेवली अन् काई झालं त कोण सांगन? तू?"

पान्यानं वायर सोडता येते, हे सोडता येत नाही. आणि खरं सांगायचं तर त्यालाही गाडी उघडीबोडकी ठेवावीशी वाटेना. चुलीतला जाळ खाली बसत गेला. मग तो म्हणाला, "आजा काय म्हणे? मुक्काम कोठी कराचा हे कोण ठरवे? नाईक?"

"नाईक नाई. म्होरक्या बैल. थो बसला तिथी मुक्काम."

"मंग गाडीलेच ठरवू दे. मीठ पेटीले नाई, पुढं बांध. नाकाले. सकाळी एका हाकेत उठली त तिले पुढंच पाह्यजे होतं. नाई उठली त पेटीलेच बांध, मी हात नाई लावत. किल्ली देऊन पायी येतो."

सुखीबाईनं विचार केला. उठली, फडकं पुन्हा ओलं केलं आणि अंधारात चाचपडत मोटारीच्या नाकावरच्या झाकणाला पुरचुंडी बांधली. थोडी थांबली.

"इथी दिवा नाई लागत," ती कुरकुरली.

"दिव्याचं काई नाई. ते उठली पाह्यजे."

सकाळी धुकं असं की भावसिंगचं डोकंच तेवढं कुंपणावर तरंगत होतं. "पोट्ट्याईले हाक मारू का भिया?" धनसिंग गाडीत जाऊन बसला. सगळ्या वायरी रात्रीच जोडून ठेवल्या होत्या. सुखीबाई मोटारीच्या नाकासमोर उभी राहिली, म्होरक्यासमोर उभं राहावं तशी, हात मागं बांधून. धनसिंगनं बटण दाबलं. मोटार कण्हली. पुन्हा कण्हली, लांब. मग तिनं एक धक्का खाल्ला, धूर सोडला आणि गरजली. भावसिंगच्या हातातलं दातण पडलं.

"माहीतच होतं मले," सुखीबाई ओरडली, इंजिनाच्या वर. "तिले पुढंच पाह्यजे होतं!" आणि पुरचुंडी सोडून घेतली. चालत्या बैलाला मीठ लागत नाही.

सदाशिवरावांच्या दारात मोटार आपल्या पायानं आली. ते मागं बसले. आर्णीपर्यंत रस्ता धुक्यात विरघळलेला, झाडं एकेक उगवायची आणि मागं जायची. धनसिंगनं समोर पाहत सगळं सांगून टाकलं. मायचं, मिठाचं, दिव्याचं. मागून आवाज नाही. त्याला वाटलं, गेलं. मग सीट हलायला लागली. सदाशिवराव हसत होते, आवाज न करता, सुपारी घशात जाईल की काय असे.

"म्हणजे तुही माय रोज माह्या ब्याटरीले मीठ चारे?"

"हाव मालक. जपे."

"अन् गाव म्हणते नाच होते." त्यांनी डोळे पुसले. आर्णी मागं गेली. शेवटी म्हणाले, "उद्या येतानी तिच्याकडून जरासं आणजो. विमलताईच्या लेकराले लागन."

संध्याकाळी बाळंतीण आणि लेकरू घरी उतरली. धनसिंगनं गाडी पुसली आणि किल्ली ओट्यावर नेऊन ठेवली. इतक्या दिवसांच्या संशयाचं ओझं होतं, मालक ते उतरवतात की नाही हे एकदा पाहायचं होतं.

"हे कायले ठेवलं?" सदाशिवराव म्हणाले.

"तुमीच म्हणालते मालक."

"खोलीत कापूस हाय अजून. तांड्यावर गाडी काय मी लोटत नेऊ? उचल."

तांड्यावर पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती, धूर कमरेएवढा आडवा. सुखीबाई ओलं फडकं घेऊन उभीच होती. तिनं नाकाला मीठ बांधलं. मग म्हणाली, "थो बारका दिवा लाव न जरासा."

"लागत नाई याडी थो आता."

"मले माहीत हाय. तरी."

धनसिंगनं दिवा जोडून टांगला. दोघं माय-लेकरं गरम चाकाला पाठ लावून बसली. दिवा काळाच होता. गाडी टिक, टिक करत निवत होती, दुरून घंटा येत होत्या, आणि ती दोघं त्या न लागलेल्या दिव्याकडं पाहत राहिली. सुखीबाईनं तेवढ्यात कधी पाय लांब केले कोण जाणे, वाटेच्या बाजूला.